शिफ्ट सुटल्यावर काय शिकायचं?

नाशिकजवळच्या अंबडच्या माणसाला शिकण्याचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. इथली कित्येक घरं शिकण्यावरच उभी राहिली आहेत. जळगाव-धुळ्याकडून किंवा मराठवाड्यातून आलेला मुलगा आयटीआय करतो, अ‍ॅप्रेंटिस म्हणून एमआयडीसीत लागतो, हेल्परचा ऑपरेटर होतो, साध्या लेथवरून सीएनसीवर जातो आणि एक दिवस सिडकोत स्वतःच्या घराची किल्ली हातात घेतो. यातली एकही पायरी शिकल्याशिवाय चढता आलेली नाही. पण घर झालं, हप्ते मार्गी लागले, मुलं कॉलेजात गेली की शिकणं थांबतं. आणि तिथूनच पुष्कळांच्या आयुष्यात एक कंटाळा शिरतो, ज्याला नाव देता येत नाही. पगार ठीक आहे, तब्येत ठीक आहे, घरात भांडण नाही, तरी सुट्टीच्या दिवशी दुपारी जीव लागत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

या कंटाळ्याचं कारण मी बराच काळ कामाच्या शिणात शोधत होतो. आता मला ते दुसरीकडे दिसतं. मशीनवरचे पहिले काही महिने आठवा. ड्रॉइंग उलटं धरलं की सुलटं हेही कळत नव्हतं. ऑफसेट चुकला की जॉब रिजेक्ट, सुपरवायझरची बोलणी वेगळी. मग एका दिवशी स्वतः सेटिंग केलं, पहिला जॉब काढला, कापडाने पुसला, मायक्रोमीटर लावला, रॅचेट टिकटिक वाजली आणि माप टॉलरन्समध्ये बसलेलं दिसलं. त्या दिवशी घरी जाताना गाडी जरा वेगळ्याच झोकात चालवली असेल! काल येत नव्हतं ते आज आलं, एवढीच त्या दिवसाची कमाई होती आणि ती पुरेशी होती. पुढे वर्षं गेली. हात आपोआप चालू लागले. बटण दाबायचं, दार बंद करायचं, कूलंटचा आवाज ऐकत उभं राहायचं. काम वाईट झालं नाही, पण त्यात ‘आज आलं’ असं म्हणण्यासारखं काही उरलं नाही.

कारखान्यातच असं होतं असं नाही. वीस वर्षं तोच विषय शिकवणाऱ्या शिक्षकाचं, दुकानदाराचं, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गृहिणीचंही हेच होतं. प्रावीण्य आलं की ते काम पोट भरतं, घर चालवतं. पण मनाला लागणारी नवी भर तिथून मिळेनाशी होते. ती आपली आपण दुसरीकडून आणावी लागते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या समाधानाचा अभ्यास करताना तीन गरजा पुढे मांडल्या: आपण जे करतो ते आपल्या मर्जीने करतो आहोत ही जाणीव, आपल्याला काहीतरी जमतं ही जाणीव आणि आपण माणसांशी जोडलेले आहोत ही जाणीव. मनापासून निवडलेल्या शिक्षणात या तिन्ही एकत्र मिळतात. २००८ साली ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकांना मनःस्वास्थ्यासाठी पाच साध्या गोष्टी सुचवल्या गेल्या, तेव्हा माणसांशी जोडलेलं राहणं आणि हालचाल करणं यांच्या जोडीला ‘शिकत राहा’ हीसुद्धा एक होती.

इथेच एक स्पष्ट सांगतो, कारण या विषयावर फार गोड लिहिलं जातं. कंत्राटी कामगाराच्या डोक्यावर पुढच्या महिन्यात ब्रेक मिळण्याची टांगती तलवार असेल, तर तबला शिकून ती चिंता जात नाही. अंगावर कर्ज असेल, घरात आजारपण असेल, झोप उडाली असेल, सतत उदास वाटत असेल, तर त्यावर हक्काची मदत आणि डॉक्टर हेच उपाय आहेत. शिकण्याने समाधान वाढतं. अन्नाची, औषधाची, न्यायाची जागा त्याने भरत नाही.

आता मुद्द्यावर. काय शिकायचं?

बहुतेक जण इथेच चुकतात. ‘आजकाल कशाला स्कोप आहे’ असं विचारून निवड करतात. नोकरीसाठी शिकताना हा प्रश्न बरोबरच आहे, पण आनंदासाठी शिकताना तो कामाचा नाही. त्याऐवजी स्वतःला विचारा: कोणाला काय करताना पाहून माझे पाय थबकतात? देवळातल्या भजनात पेटीवाल्याच्या बोटांकडे तुम्ही बघत बसता का? रस्त्यावर बोर्ड रंगवणारा दिसला की गाडी हळू होते का? शेजारणीच्या गच्चीवरच्या कुंड्या, कुणाचं सुबक अक्षर, कुणाचं न अडखळता इंग्रजी बोलणं, पाण्यात सहज हात मारणारा पोरगा... जिथे नजर अडकते, तिथे तुमची इच्छा बरीच वर्षं थांबलेली असते. ती ओळखून तिथूनच सुरुवात करावी.

दुसरी कसोटी गरजेची. एखादी गोष्ट न येण्याने मनाला कुठे लागतं का? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक पोटासाठी मुंबईला गेले, गिरणीत लागले. अक्षरओळख नव्हती. एकदा एका माणसाने पत्र वाचून द्या म्हणून त्यांच्यापुढे धरलं आणि त्यांना ते वाचता आलं नाही. ते त्यांच्या मनाला फार लागलं. त्यानंतर त्यांनी अक्षरं गिरवायला घेतली. दुकानांवरच्या पाट्या, भिंतीवरचे बोर्ड, जे दिसेल ते जोडून जोडून वाचायला लागले. तो तरुण पुढे महाराष्ट्राचा लोककवी झाला, हजारो गीतं त्याने लिहिली, गावोगाव गायली. २००४ साली नाशिकमध्येच त्यांनी देह ठेवला.

वामनदादांची प्रतिभा सगळ्यांना मिळत नाही; त्यांची पद्धत मात्र कुणालाही उचलता येते. त्यांनी वर्ग सुरू होण्याची वाट पाहिली नाही, रस्त्यालाच पुस्तक केलं. तुम्हाला इंग्रजी वाचायला शिकायचं असेल तर गरवारे पॉइंटपासून एक्सलो पॉइंटपर्यंत दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या पाट्या आहेत. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या रोज पाच नवे शब्द टिपा, कंपनीत कुणाला तरी अर्थ विचारा, दुसऱ्या दिवशी तीच पाटी दिसली की मनात म्हणा. तुमचं पाठ्यपुस्तक रोज खिडकीसमोरून जातं आहे.

एक सावधगिरी. मोबाइलवर दुसऱ्याचं कौशल्य बघत बसणं हे शिकणं नव्हे. भाकरी थापण्याचे कितीही व्हिडिओ पाहिले तरी पिठात हात घातल्याशिवाय भाकरी फुगत नाही. व्हिडिओ जरूर पाहा, पण जितका वेळ पाहाल त्याच्या दुप्पट वेळ स्वतः करा. हा नियम मोडला की वेळ जातो आणि हाती फक्त आपण मागे पडल्याची भावना उरते.

आता वेळ. अंबडमध्ये खरी अडचण हीच आहे. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. ‘रोज संध्याकाळी सात वाजता’ असा क्लास लावला की सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो बुडणार आणि बुडाला की माणूस लाजेने परत जात नाही. म्हणून वेळ घड्याळाला न बांधता ड्युटीला बांधा. ‘कामावरून आलो, हातपाय धुतले, चहा झाला की अर्धा तास’, मग ती दुपार असो की रात्र. नाईटचा आठवडा नवं काही शिकण्यासाठी धरूच नका. त्या आठवड्यात झोप पहिली. फक्त आधीचं विसरू नये एवढी दहा मिनिटांची उजळणी पुरे. शिक्षक निवडतानाही पहिल्याच भेटीत सांगा की माझ्या शिफ्ट बदलतात. जो म्हणेल ‘मग जमणार नाही’, त्याच्याकडे जाऊ नका. बरेच जण सांभाळून घेतात. ओव्हरटाइमच्या महिन्यात शिकणं मागे पडलं तर ते मागेच पडू द्या, पण पुस्तक किंवा वाद्य माळ्यावर टाकू नका, डोळ्यांसमोर ठेवा.

घरातल्या बाईचा वेळ हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्यावर मला नवऱ्यांशी बोलायचं आहे. तिचा अर्धा तास आपोआप मोकळा होत नाही. ती शिकायला बसली की कुकरची शिट्टी, सासूबाईंचं औषध, पोराचा डबा, सगळं तिला हाक मारतं. त्या अर्ध्या तासात हे सगळं तुमचं, असं ठरवून घ्या आणि तिला ते मागायला लावू नका. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीचे रस्ते जरा मोकळे झाले की बायका स्कूटर शिकताना दिसतात. मागे भाऊ किंवा नवरा कॅरिअर धरून धावत असतो, ती दोन्ही पाय खाली टेकवत, ब्रेक दाबत, ‘सोडू नका हं’ म्हणत पुढे जाते. काही फेऱ्यांनी तो हात सोडतो आणि तिला कळतही नाही. ती गाडी चालवायला शिकली की तिच्या आयुष्यात काय काय बदलतं बघा: पोराला क्लासला सोडायला कुणाची वाट पाहायची नाही, माहेरी जायचं तर कुणाला विचारायचं नाही, बाजार स्वतःच्या वेळेने. काही रविवारांच्या शिकण्याने माणूस इतका मोकळा होतो.

हे मोकळं होणं दूर असतं तोवर मधले दिवस कठीण जातात, आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. सुरुवातीचे आठवडे आनंदाचे नसतातच. चाळिशीतला माणूस, दहा जणांवर सुपरवायझर, पेटीच्या क्लासला गेला की मुलाच्या वयाचा गुरू त्याला सांगतो, ‘काका, बोट चुकलं.’ कान तापतात. घरी आल्यावर वाटतं, या वयात कशाला हे उद्योग! हा क्षण प्रत्येकाला येतो. तो आपल्यात काही कमी असल्याचा पुरावा नाही. कितीतरी वर्षांनी आपण पुन्हा नवखे झालो, त्याची ती किंमत आहे. ती एकदा मोजली की पुढे कमी कमी होत जाते. या काळात स्वतःची तुलना क्लासमधल्या पोरांशी करू नका, मागच्या महिन्यातल्या स्वतःशी करा. त्यासाठी पहिल्याच दिवशी काहीतरी नोंद ठेवा: मोबाइलवर स्वतःचा वाजवतानाचा आवाज, पहिल्या पानावरचं वाकडं अक्षर, पहिला बेढब टाका. दोन महिन्यांनी ते काढून पाहा.

वयाचं म्हणाल, तर आपल्या शेजारीच पाहा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. अंबडमधले लोक तिथे मुलांना घेऊन जातात, बागेत बसतात. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर काय काय शिकून घेतलं: चित्रकला, फोटोग्राफी, छपाईचं तंत्र, जादूचे प्रयोग. चाळिशी उलटल्यावर त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि हे आपल्याला आलंच पाहिजे असं ठरवलं. इतके चित्रपट पाहिले, इतके प्रयोग केले की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दिसेनासं झालं. बरे झाल्यावर विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं, तंत्र शिकून आणि कॅमेरा घेऊन परत आले. आल्यावर लगेच मोठा चित्रपट काढायला धावले नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर ते रोप काही क्षणांत बीतून वर येताना दिसलं. तोच छोटा चित्रपट दाखवून त्यांनी पैसे उभे केले. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. ज्याला नवं शिकायचं आहे त्याने त्या वाटाण्याकडून एवढंच घ्यावं: मोठ्या स्वप्नाचा पहिला तुकडा एका कुंडीत मावेल इतका लहान करावा आणि रोज त्याच्यासमोर उभं राहावं.

एकट्याने शिकावं की लोकांत? माझं मत लोकांत. अमेरिकेत डॅलसला संशोधक डेनिस पार्क यांनी ६० ते ९० वयाच्या माणसांवर केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवायला शिकवलं, आठवड्याला साधारण १५ तास, तीन महिने. दुसरा एक गट नुसता जमून गप्पा, खेळ, सहली करत होता. स्मरणशक्तीत फरक पडला तो नवं आणि अवघड काही शिकणाऱ्यांच्या. म्हणजे नुसतं भेटणं पुरत नाही, भेटून डोक्याला चालना मिळावी लागते. सिडकोतली भजनी मंडळं, कानबाईच्या उत्सवाची गाणी बसवणाऱ्या बायका हे दोन्ही एकत्र करतात. नवी चाल बसवताना चुकतात, हसतात, पुन्हा म्हणतात. तुमच्या गल्लीत असं मंडळ असेल तर वर्ग शोधत लांब जाण्याचं कारण नाही.

नाशिकला राहणाऱ्यांचं एक भाग्य असं की शिकण्याच्या सोयी हाताशी आहेत. गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ मध्ये ते सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. नोकरी करणाऱ्याला, शाळा सुटलेल्याला, संसारात अडकलेल्या बाईला घरी बसून मराठीतल्या पुस्तकांवरून शिकता यावं आणि शंकेसाठी जवळच्या अभ्यासकेंद्रावर जाता यावं, हा त्याचा पाया. अर्धवट राहिलेली पदवी मनात सलत असेल तर अभ्यासकेंद्रावर जाऊन यंदाचे प्रवेशाचे नियम आणि तारखा विचारा. ऐकीव माहितीवर विसंबू नका. दहावी-बारावीच राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर घरबसल्या अभ्यासक्रम मोफत ऐकता येतात, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी.

वाचणाऱ्यासाठी तर नाशिक फारच उदार आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ मध्ये सुरू झाला: वाचकांच्या गटाला पुस्तकांची पेटीच द्यायची आणि वाचून झाल्यावर गटागटांत पेट्यांची अदलाबदल करायची. ही पेट्यांची कल्पना सोसायटीपुरती किंवा कंपनीच्या कँटीनपुरती तुम्हीही राबवू शकता. प्रत्येकाने घरातली दोन पुस्तकं आणायची, एक कपाट, एक वही, झालं वाचनालय. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. शिफ्ट जुळली तर एखादं व्याख्यान घरच्यांना घेऊन ऐका आणि येताना गाडीवर त्याच विषयावर बोला.

शिकणं पक्कं करण्याचा आणि त्यातला आनंद दुप्पट करण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे शिकवणं. तुम्हाला येणारी एखादी गोष्ट कुणाला तरी येत नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला योगेंद्र बांगर या शिक्षकाने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत येऊ लागल्या. अंगठ्याच्या जागी सही करता यावी, पोथी आपली आपण वाचता यावी, एवढी त्यांची इच्छा. त्यातल्या कुणाला आता नोकरी करायची नाही, प्रमाणपत्र कुठे दाखवायचं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद निव्वळ शिकण्याचा आहे, त्यात दुसरा हिशेब नाही. तुमच्या इमारतीतही अशी एखादी आजी असेल, वॉचमनची बायको असेल, नातवाचा मेसेज वाचता येत नाही म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात देणारे बाबा असतील. ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरच्या निरक्षरांना स्वयंसेवकच शिकवतात. जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत चौकशी करा. आणि योजना नसली तरी काय अडतं? संध्याकाळी पायरीवर बसून रोज दोन अक्षरं.

निवृत्ती जवळ आलेल्यांना वेगळं सांगायला हवं. ‘रिटायर झालो की मस्त शिकू’ हा बेत सहसा फसतो. कामाचा दिवस अचानक रिकामा होतो, सोबतचे लोक सुटतात, अशा वेळी नवखेपणाचा अपमान सोसण्याची ताकद कमी असते. म्हणून निवृत्तीच्या तीन-चार वर्षं आधीच थोडं सुरू करा. हळूहळू त्या शिकण्याभोवती चार ओळखी तयार होतील. कंपनीचं गेट बंद होईल तेव्हा जायला दुसरं एक दार उघडं असेल.

खर्चाबद्दल थोडं: सुरुवातीला महागडं काही विकत घेऊ नका. पेटी भाड्याने मिळते, कॅमेरा मित्राकडून मागता येतो, पुस्तक वाचनालयात असतं. नवी वस्तू घेतली की शिकलो असं मनाला वाटतं आणि शिकणं तिथेच थांबतं. तीन महिने टिकलात की मग स्वतःला बक्षीस म्हणून घ्या.

आणि तीन महिन्यांनी नाहीच रुचलं तर? बिनदिक्कत सोडा. शाळेत सोडता येत नव्हतं, इथे येतं. ही मोठेपणी शिकण्याची सवलत आहे. फक्त सोडण्याआधी दोन गोष्टी तपासा. विषय आवडला नाही की शिक्षक? शिक्षक असेल तर शिक्षक बदला. आणि कंटाळा आला की अवघड जागा आली? अवघड जागा असेल तर आणखी दोन आठवडे द्या, कारण त्या जागेच्या पलीकडेच ते ‘आज आलं’ बहुधा असतं. दोन्ही तपासून मन नाहीच म्हणालं, तर भाड्याची पेटी परत करा, क्लासच्या गुरूंना सांगून या आणि पाय कुठे थबकतात ते पुन्हा बघा.